दुधाचा खर्च आणि दुधाचा वांटा

गेल्या श्रावणांत आमच्या थोरल्या जाऊबाई न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या व त्यांचें उजवें मनगट मोडलें. पडणें तसें फार मोठें नव्हतें. अशा पडण्यानें तरुण माणूस चार दिवस हात शेकून पुन्हां कामाला लागतें. परंतु जाऊबाईंचें वय अठ्ठावन्न, आणि क्ष-किरणांचें चित्र पाहून डॉक्टरांनीं हाडें ठिसूळ होत चालल्याचें सांगितलें. प्लास्टर घालतां घालतां त्यांनीं सहज विचारलें, "दूध किती घेतां?"

जाऊबाई चटकन् म्हणाल्या, "चार लिटर येतें कीं घरांत!"

डॉक्टर हंसले. "मीं घराचें नाहीं विचारलें, तुमचें विचारलें."

जाऊबाई गप्प राहिल्या. मी शेजारींच उभी होतें, आणि खरें सांगावयाचें तर मीहि गप्पच राहिलें. आमच्या घरखर्चाची वही गेलीं सव्वीस वर्षें मी लिहीत आहें. रतिबाचा एकूण एक खाडा तींत टिपलेला आहे, भाव केव्हां किती चढला तें तारीखवार सांपडेल. परंतु डॉक्टरांच्या या साध्या प्रश्नाचें उत्तर त्या वहींत कोठेंच नव्हतें.

पुण्यास आमचें नऊ माणसांचें एकत्र कुटुंब आहे. सासूबाई, थोरले भाऊजी व जाऊबाई, आम्ही दोघें, पुतण्या, त्याची पत्नी आणि त्यांचीं दोन मुलें. रोज दोन लिटर दूध म्हशीचें व दोन लिटर गायीचें येतें. सध्यांच्या भावानें महिन्याचा हा खर्च आठ हजारांच्या घरांत जातो. सणावाराचा चक्का व खवा निराळा. धान्य व डाळी यांच्या एकत्रित खर्चाला दुधानें केव्हांच मागें टाकलें आहे. ही आमच्याच घरची उधळपट्टी कीं काय, अशी शंका येऊन मीं पुतण्याकडून सरकारी पाहणीचा अहवाल संगणकावर उघडून घेतला. आयुष्यभर शाळेंत गणित शिकविल्यामुळें आंकड्यांचें मला भय वाटत नाहीं. उलट आंकडा दिसला म्हणजे त्याच्या मागें कोण उभें आहे तें डोकावून पाहण्याची खोड लागली आहे.

केंद्र सरकारनें ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळांत देशभर घरगुती खर्चाची पाहणी केली. तींत दरमहा दरडोई खर्च खेड्यांत ३,७७३ रुपये व शहरांत ६,४५९ रुपये भरला. त्यांपैकीं दूध व दुधाचे पदार्थ यांवर खेड्यांत ८.३३ टक्के आणि शहरांत ७.२२ टक्के जातात. म्हणजे माणशीं महिन्याला खेड्यांत सुमारें ३१४ व शहरांत सुमारें ४६६ रुपये. याच पाहणींत धान्यावरील खर्च खेड्यांत ४.९१ टक्के व शहरांत ३.६४ टक्केच निघाला. १९९९-२००० सालीं खेड्यांतील खर्चाचे सुमारें बावीस टक्के धान्यावर जात असत. मध्यंतरीं रेशनवरील धान्य स्वस्त झालें व पुढें अनेकांना फुकट मिळूं लागलें, हें या घटीचें एक कारण आहेच. तरी पण ज्या देशांत पोटाला भाकर मिळविणें हाच संसाराचा पहिला प्रश्न होता, त्या देशांत आज धान्याहून दुधावर अधिक पैसा खर्च होतो. ही गोष्ट मीं आमच्या सासूबाईंना सांगितली. त्यांनीं ती खरी मानली नाहीं. शहरी सरासरीच्या हिशेबानें नऊ माणसांच्या घराचा खर्च चार हजार दोनशें रुपये व्हावा. तेव्हांपासूनची भाववाढ धरली तरी आमचें घर सरासरीच्या बरेंच पुढें आहे, इतकें मात्र कळलें.

परंतु संबंध देशाच्या सरासरीवरून कोणत्याहि एका प्रांताचें चित्र उभें राहत नाहीं. हरियाणाच्या खेड्यांत अन्नावर खर्च होणाऱ्या दर रुपयांतले चाळीस पैशांहून अधिक दुधादुभत्यावर जातात. तेथील शहरांतहि जवळजवळ तिसरा हिस्सा जातो. सगळ्या देशाचें हेंच प्रमाण अठरा पैशांच्या आसपास आहे. राजस्थान व पंजाब हे हरियाणाच्याच पंक्तीला बसणारे. उलट केरळांतील खेड्यांत अन्नखर्चाचा जवळजवळ चौथा हिस्सा अंडीं, मासे व मांस यांवर होतो आणि दुधाला फार मागची जागा मिळते. हरियाणांतील लोक पैसेवाले म्हणून दूध पितात, असा निष्कर्ष कोणी घाईनें काढील. पण केरळ हा कांहीं दरिद्री प्रांत नव्हे. कोणत्या प्रांतांत दुधावर किती खर्च होतो हें तेथील पाऊस, चारा व जनावरें यांनीं पिढ्यान्-पिढ्या ठरविलेलें असतें. माणसाच्या खिशाचा क्रम त्यानंतर लागतो.

माझा एक भाचा कांहीं वर्षें हरियाणांत कर्नाल येथें नोकरीस होता. राष्ट्रीय दुग्धसंशोधन संस्था आहे तेंच हें गांव. ही संस्था १९२३ सालीं बंगळूर येथें सुरू झाली व १९५५ सालीं कर्नालला आली. त्याच्याकडे मी एकदां पंधरा दिवस राहून आलें. शेजारीं शेतकरी कुटुंब होतें, दाराशीं तीन मुऱ्हा म्हशी. काळ्याभोर, आंखूड वळलेल्या शिंगांच्या या म्हशींची मूळ भूमि म्हणजे रोहतक, हिस्सार, जिंद हाच मुलूख. कालव्याचें पाणी, गव्हाचा भरपूर भुसा व हिरवा बरसीम चारा असल्यावर म्हशीला काय कमी? त्या घरीं गेल्याबरोबर चहा विचारण्यापूर्वीं दुधाचा पेला पुढें आला, आणि तो आपल्याकडच्या दोन पेल्यांइतका होता. गृहिणीला मीं विचारलें, "महिन्याला दुधाला किती खर्च येतो?" ती नवलानें म्हणाली, "बहनजी, आम्ही दूध विकत घेतच नाहीं!"

आतां गंमत अशी कीं दूध विकत न घेणारी हीच गृहिणी सरकारी पाहणींत दुधावर सर्वांत अधिक खर्च करणाऱ्यांत मोडते. घरच्या गोठ्यांतलें दूध घरांत प्यालें गेलें कीं पाहणी करणारे त्याची स्थानिक भावानें किंमत धरतात व ती खर्चांत मिळवितात. तसें करणें शास्त्राला धरूनच आहे, नाहीं तर गोठेवाल्याचें सगळें खाणेंपिणें हिशेबाबाहेर राहील. परंतु 'खर्च' या शब्दाचा अर्थ त्यामुळें प्रांतोप्रांतीं बदलतो, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. पुण्याच्या घरांतून रोख पैसा बाहेर जातो. कर्नालच्या घरांतून जातें तें त्या बाईचें पहांटे चारपासूनचें शेण, चारा, धारा व ताक घुसळणें. त्याची किंमत कोणत्याहि रकान्यांत मांडलेली नसते.

आणखी एक गोष्ट तेव्हां माझ्या ध्यानांत आली नव्हती, ती आतां अहवाल चाळतांना दिसली. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणींत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकीं देशांत ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या, तर हरियाणांत ६०.४ टक्के. दुधांत लोह अगदीं अल्प असतें, म्हणून हा दोष दुधाच्या माथीं मारतां येत नाहीं. परंतु दुधातुपाचा महापूर असलेल्या प्रांतांतहि घरच्या बायकांचें पोषण आपोआप होत नाहीं, एवढें त्यावरून उघड आहे.

कर्नालच्या अगदीं उलट टोक म्हणजे माझें माहेर, रत्नागिरी जिल्ह्यांतलें. तेथें वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. गवत उदंड, पण पाण्यानें कस गेलेलें. आणि भाताच्या पेंढ्यावर जनावर जगतें, दुभत नाहीं. कोंकणांतली गाय बुटकी, काटक, चढणीवर शेळीसारखी चढणारी. दिवसाला दोन-अडीच लिटर दिलें म्हणजे तिनें आपल्या परीनें पुष्कळच केलें. आजीच्या गोठ्यांत अशा दोन गायी होत्या व बहुधा त्यांतली एक भाकड असे. चरवींतलें दूध प्रथम देवापुढें, मग तान्ह्या मुलांना, मग पाहुणा असल्यास त्याच्या चहाला. उरेल त्याला विरजण लागून तें शिंक्यावर चढे. वडिलांच्या जमाखर्चाच्या वह्या अजून माळ्यावर आहेत. त्यांत मीठ, गूळ, घासलेट, शाळेची फी सारें आहे, दूध नाहीं. विकत घेतलें तर लिहायचें!

मग तेथील माणसें कशावर वाढलीं? नारळ हें कोंकणचें दुभतें जनावर, असें आमचे आजोबा म्हणत. जेथें देशावर साय-लोणी पडतें तेथें आमच्याकडे नारळाचा रस पडे. परंतु हाडांच्या दृष्टीनें पाहिलें तर नारळाहून नाचणी थोर. शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम, असतो. प्रौढ माणसाची दिवसाची गरज हजार मिलिग्रॅमची धरली आहे. सकाळीं नाचणीची आंबील व तींत वाटीभर ताक, हा आजीच्या घरचा न्याहारीचा नेम होता व तो घरांतल्या बायकांनाहि चुकत नसे, कारण आंबील कोणी अप्रूपाची वस्तु मानीत नव्हतें. पुढें नाचणी गरिबांचें खाणें ठरली. आतां माझ्या भावाच्या घरीं घाटावरून मोटारीनें आलेल्या दुधाच्या पिशव्या येतात, दोन वेळ दुधाचा चहा होतो, दुधाचा खर्च वहींत ठळकपणें दिसतो. आणि आंबील बंद झाली आहे. पाहणीच्या भाषेंत हें कुटुंब सुधारलें. तसें तें खरोखर सुधारलें कीं नाहीं, हें त्या रकान्यावरून सांगतां येणार नाहीं.

प्रांतांतील हा भेद केवळ संवयीचा नव्हे, तो थोडासा रक्तांतहि आहे. दुधांतील शर्करा पचविण्याची शक्ति बहुतेक माणसांत बालपणानंतर मंदावते. ज्यांच्यांत ती टिकते त्यांच्या अंगीं तसा गुणविशेष वंशपरंपरेनें आलेला असतो. भारतांत या गुणाचें प्रमाण वायव्येकडे अधिक व पूर्वेस आणि दक्षिणेस जावें तसें कमी होत जातें, असें २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत दिसून आलें. ज्याला पेलाभर दूध सोसत नाहीं त्यालाहि दहीं व ताक बहुधा सोसतें, कारण विरजणांतले जंतु ती शर्करा बरीचशी आधींच खाऊन टाकतात. आपल्याकडे दूध पिण्यापेक्षां ताक पिण्याचा प्रघात अधिक पडला, यांत पूर्वजांच्या पोटाचा अनुभव असावा असें मला वाटतें.

या दोन टोकांच्या मध्यें आपला महाराष्ट्र कोठें तरी बसतो, आणि तोहि एकसारखा नाहीं. २०२३-२४ सालीं देशांत सुमारें २३ कोटी ९३ लाख टन दूध निघालें. त्यांत उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश व गुजराथ यांच्या मागून महाराष्ट्राचा पांचवा क्रमांक लागतो. परंतु लोकसंख्येनें भागलें कीं आपण देशाच्या सरासरीच्या खालीं येतों. कोल्हापूर, सांगली, सातारा, नगर, पुणें हा दुधाचा पट्टा. उंसाचें वाढें, विहिरीच्या पाण्यावरचा चारा आणि सहकाराची घडी यांवर तो उभा राहिला. गुजराथेंत खेडा जिल्ह्याचा दूधसंघ त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकारानें १९४६ सालीं निघाला व कुरियन यांच्या हातीं वाढला. कोल्हापूरचा जिल्हा संघ १९६३ सालचा. भिलवडीस चितळे यांनीं १९३९ सालींच दुधाचा धंदा मांडला होता. विदर्भांत मात्र कापसाच्या शेतांतून चारा निघत नाहीं, त्यामुळें तेथें व मराठवाड्यांत दूध वाढविण्यासाठीं २०१६ पासून निराळी योजना हातीं घ्यावी लागली. दूध निघतें त्या पट्ट्यांतहि सगळें आलबेल नसतें. २०२४ च्या प्रारंभीं गायीच्या दुधाचा खरेदीदर इतका घसरला कीं राज्य सरकारला लिटरमागें पांच रुपयांचें अनुदान द्यावें लागलें. त्याच महिन्यांत आमच्या दारीं येणारी पिशवी एक पैशानेंहि उतरल्याची नोंद माझ्या वहींत नाहीं.

असो. हें सगळें वाचून झाल्यावर मला डॉक्टरांचा प्रश्न पुन्हां आठवला. देशाची सरासरी प्रांताला लागू नाहीं, प्रांताची जिल्ह्याला नाहीं. मग घराची तरी घरांतल्या माणसाला कशी लागू पडावी? पाहणी करणारे घराचा खर्च घेतात व माणसांच्या संख्येनें भागतात. त्यांना दुसरा मार्गच नाहीं. पण स्वयंपाकघर असा भागाकार करीत नाहीं.

जाऊबाईंचा हात गळ्यांत अडकविलेला असल्यामुळें दुधाचें कपाट माझ्या ताब्यांत आलें होतें. पुतण्याच्या मुलांच्या खेळण्यांत औषधाचें खुणा केलेलें एक माप सांपडलें. तें घेऊन मीं पंधरा दिवस कोणाला न सांगतां दूध मोजलें. रोजचें थोडें इकडे-तिकडे होई, पण मेळ साधारण असा बसला. चहा-कॉफीला, येणाऱ्याजाणाऱ्यांसह, अकराशें मिलिलिटर. दोन्हीं मुलांचे दोन वेळचे पेले मिळून आठशें. भाऊजींचा सकाळचा पेला दोनशें, आमच्या घरांतल्या मंडळींचा रात्रींचा दोनशें, पुतण्या व्यायाम करून येतो त्याचा अडीचशें, सासूबाईंचा झोपतांनाचा दीडशें. विरजणाला एक लिटर. उरलेलें तीनशें खीर, एखादा पाहुणा आणि मागच्या दारची मांजर यांचें.

भागाकार केला तर माणशीं ४४४ मिलिलिटर येतें. २०२३-२४ सालीं देशांत दरडोई रोज ४७१ ग्रॅम दूध उपलब्ध होतें, म्हणजे आमचें घर जवळजवळ देशाची प्रतिमाच म्हणायचें. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं जे आहाराचे नियम प्रसिद्ध केले, त्यांत माणशीं रोज ३०० मिलिलिटर दूध पुरेसें मानलें आहे. नऊ माणसांना दोन लिटर सातशें मिलिलिटर पुरलें असतें. आमच्याकडे चार लिटर येतें. आणि एवढें असून जाऊबाईंच्या वाट्याला दोन वेळच्या चहांतलें मिळून शंभर मिलिलिटर! सूनबाईचें तेवढेंच, आणि माझेंहि तेवढेंच. स्वतःला वगळून हिशेब लिहिण्याची सव्वीस वर्षांची संवय असल्यामुळें माझा आंकडा मीं सर्वांत शेवटीं मोजला. दूध तापविणाऱ्या, साय काढणाऱ्या, विरजण लावणाऱ्या आम्ही तिघी. चार लिटरांतलें तीनशें मिलिलिटर तिघींचें. दह्यांत आमचा वांटा आहे असें म्हणावें, तर दहीं पुरुषांच्या व मुलांच्या पंक्तीला वाढलें जातें. मागच्या पंक्तीला पातेल्यांत पाणी घालून हलविलेलें ताक असतें. त्याला ताक म्हणणें हा ताकाचा गौरव आहे.

कोणी आम्हांला दूध नाकारलें होतें काय? मुळींच नाहीं. भाऊजी इतके सज्जन कीं त्यांना हा हिशेब कळला तेव्हां त्यांच्या घशाखालीं घांस उतरेना. कोणी नाकारीत नाहीं, म्हणूनच कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

राहिला तुपाचा प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक, कारण कणीदार तूप हा जाऊबाईंचा मानबिंदु आहे. म्हशीचें दूध घ्यावयाचें तें मुख्यतः सायीसाठीं. महिन्याला दीड किलोच्या आसपास तूप निघतें, मुलांना बेरी-साखर मिळते, आणि "घरचें तूप फुकट पडतें" हें वाक्य आमच्या घरांत वेदवाक्यासारखें चालत आलें आहे. मीं ढोबळ हिशेब मांडला. म्हशीच्या व गायीच्या दुधाच्या भावांत लिटरमागें चौदा रुपयांचें अंतर. रोजचे दोन लिटर धरले तर महिन्याला आठशें चाळीस रुपये. हे आपण साईसाठींच मोजतों. बाजारांत दीड किलो तूप साडेनऊशें-हजाराला मिळतें. २०२५ च्या सप्टेंबरांत तुपावरील कर बारा टक्क्यांवरून पांचांवर आल्यामुळें थोडें उतरलेंहि. म्हणजे साई जमविणें, विरजणें, घुसळणें, कढविणें आणि तुपकट भांडीं घांसणें या महिन्याच्या श्रमांची मजुरी शेंदीडशें रुपये. खवैय्ये म्हणतील कीं घरच्या तुपाची चव बाजारच्याला नाहीं. तें मलाहि मान्य आहे. परंतु ज्यासाठीं डॉक्टरांनीं दूध विचारलें तो चुना तुपांत नसतोच. साईंतून स्निग्धांश काढून आपण त्याचें तूप करतों. चुना व प्रथिनें ताकांत व साय काढलेल्या दुधांत राहतात. लोणी निघाल्यावर मागें उरणारें दाट ताक हा पोषणाच्या दृष्टीनें मोलाचा भाग. आमच्याकडे त्याची कढी होई आणि उरलेलें कामवाल्या बाई घेऊन जात. त्यांच्या घरीं त्याचा चांगला उपयोग होत होता, हें मीं विचारून घेतलें.

एका रविवारीं जेवणें आटोपल्यावर मीं हा कागद सर्वांसमोर वाचला. जाऊबाईंना तें आवडलें नाहीं. त्या म्हणाल्या, "मला मुळीं दूध आवडतच नाहीं. उगाच कशाला मोजमापें?"

सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. ऐकूं कमी येतें म्हणून त्यांच्याकडे कोणाचें लक्ष नव्हतें. त्या पाटावरून म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंनाहि आवडत नसे. त्यांच्या सासूबाईंनाहि नसे म्हणे." मग थोडें थांबून, "मला मात्र आवडायचें. पण सासूबाई गेल्यावर पहिला पेला घेतला, तेव्हां मी पन्नाशीची होतें."

सूनबाईनें मान खालीं घातली. पुतण्या उठून आंत गेला.

दुसऱ्या दिवसापासून विरजण दीड लिटराचें लागूं लागलें व दहीं आधीं वाट्यांत घालून, नऊ वाट्या मांडून, मग पानें घेण्याची रीत पडली; मागून बसणाऱ्यांची वाटी त्यांच्या नांवानें झांकून राहते. वाढीव अर्धा लिटर चहांतून निघालें. तिसऱ्या प्रहरचा चहा आतां ज्याला हवा त्याच्यापुरता होतो. पूर्वीं तो घरांत कोणी असो नसो, पातेलेंभर होत असे. नाचणीहि घरांत आली आहे; मुलें नाक मुरडतात, सासूबाई आवडीनें घेतात. जाऊबाईंना डॉक्टरांनीं गोळ्या व सकाळचें ऊन सांगितलें आहे. झिजलेलें हाड नुसत्या दुधानें भरून येत नाहीं, हेंहि त्यांनीं बजावलें. नवरात्रापूर्वीं प्लास्टर निघालें. दुधाचा महिन्याचा खर्च होता तेवढाच आहे, त्यांत दहा रुपयांचाहि फरक नाहीं. सरकारी पाहणीवाले उद्यां दारीं आले तर आमच्या घरांत कांहीं बदललें असें त्यांना दिसणार नाहीं.

तुपाचा वाद अजून मिटलेला नाहीं. म्हशीचें एक लिटर बंद करून गायीचें तीन लिटर घ्यावें, असें माझें म्हणणें. जाऊबाई म्हणतात, दिवाळीपर्यंत थांबा. बाजारच्या तुपाचे लाडू मी करणार नाहीं.